किल्ल्याचा तुरुंग होतो कसा? लँकेस्टरची आठशे वर्षं

तुमचे प्रश्न तीन आहेत. लढाईसाठी बांधलेल्या किल्ल्यात तुरुंग कसा आला? तळातल्या ज्या अंधाऱ्या खोल्या पर्यटकांना दाखवतात, तिथे खरोखरच माणसं कोंडत होते का? आणि इंग्लंडच्या उत्तरेतला लँकेस्टरचा किल्ला थेट २०११ पर्यंत तुरुंग म्हणून चालला, तो कशामुळे? जुन्या दगडी इमारतींची मोजणी आणि डागडुजी हा माझा व्यवसाय आहे. इंग्लंडमधले बरेच किल्ले त्या निमित्ताने आतून-बाहेरून बघायला मिळाले. तिन्ही प्रश्नांची उत्तरं लँकेस्टरच्याच आधाराने देतो, कारण किल्ला, न्यायालय आणि तुरुंग यांचं नातं इतक्या सलगपणे दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं, की किल्ल्यात तुरुंग आला तो कचेरीमुळे. आपण किल्ला म्हटलं की वेढे आणि तोफा आठवतो. पण मध्ययुगीन इंग्लंडमधल्या राजाच्या किल्ल्यात वर्षातले बहुतेक दिवस कारभार चालायचा. जिल्ह्याचा शेरीफ, म्हणजे राजाने नेमलेला अधिकारी, तिथे बसे, सारा तिथे जमा होई, दप्तर तिथे असे आणि राजाचे न्यायाधीश फिरतीवर आले की न्यायनिवाडाही तिथेच होई. आपल्याकडच्या जुन्या मामलेदार कचेरीत जसा खजिना, दप्तर आणि कच्ची कैद एकाच आवारात असायची, तसाच हा प्रकार.

याला कायद्याचं बळ मिळालं ११६६ साली. इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन इथे जे फर्मान काढलं, त्यात एक कलम असं होतं की ज्या परगण्यात तुरुंग नसेल तिथे तो राजाच्या गावात किंवा राजाच्या किल्ल्यात बांधावा, आणि त्यासाठी राजाचा पैसा आणि राजाचं लाकूड वापरावं. लाकडाचा हा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवा. त्या काळचे कितीतरी तुरुंग म्हणजे किल्ल्याच्या आवारात उभी केलेली भक्कम लाकडी घरं होती. ती कुजली, जळली, पाडली गेली. दगडी बुरूज मात्र उरले. त्यामुळे कैदी बुरुजाच्या तळातच असणार, असं आज बघणाऱ्याला वाटतं.

लँकेस्टरच्या किल्ल्यात तुरुंग असल्याची पहिली लेखी नोंद ११९६ची आहे. लून नदीवरच्या ज्या टेकडीवर किल्ला आहे तिथे आधी रोमनांची लष्करी छावणी होती. अकराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख रॉजर ऑफ पॉइटू या नॉर्मन सरदाराकडे आला, पण ११०२च्या बंडात तो सगळं गमावून बसला. मधला चौकोनी मुख्य बुरूज बाराव्या शतकातला. १३२२ मध्ये रॉबर्ट ब्रूसच्या स्कॉट सैन्याने गाव जाळलं. पुढे लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याचा मुलगा चौथा हेन्री १३९९ मध्ये राजा झाला आणि लँकेस्टरची जहागीर राजाच्या हाती आली. ती आजतागायत राजाकडेच आहे, किल्लाही तिच्याच मालकीचा. समोरचा देखणा महादरवाजा याच हेन्रीने बांधला, नाव मात्र बापाचं लागलं. लष्करी इतिहास एवढ्यात आटोपतो. या जागेचा खरा इतिहास न्यायालयाचा आणि कोठड्यांचा आहे.

आता त्या कोठड्यांत कोण होतं? सिनेमांनी आपल्या मनात राजपुत्र आणि बंडखोर सरदार भरून ठेवलेत. ते होते, पण लंडनच्या टॉवरमध्ये. टॉवर हा राजाचा खास किल्ला होता, तिथे राजकीय कैदी असत आणि त्यांची बडदास्तही त्यांच्या मानाप्रमाणे ठेवली जाई. ११०० साली तिथे पहिला नामांकित कैदी गेला तो बिशप रॅनल्फ फ्लॅमबार्ड. पुढच्याच वर्षी पहारेकऱ्यांना दारू पाजून तो दोरावरून उतरला आणि पसार झाला. दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅली तिथे तेरा वर्षं राहिला. बायको-मुलं सोबत होती, आणि जगाचा इतिहास लिहायला त्याने तिथेच घेतला. लँकेस्टरला असलं काही नव्हतं. तो जिल्ह्याचा तुरुंग होता. मेंढी चोरणारा, मारामारीत कुणाचा जीव घेतलेला, कर्ज फेडू न शकलेला, चर्चची सक्ती न मानणारा, असे सामान्य लोक तिथे येत. आणि त्यांतले बहुतेक कच्चे कैदी असत.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. मध्ययुगात, आणि नंतरही अठराव्या शतकापर्यंत, तुरुंगवास ही गुन्ह्याची नेहमीची शिक्षा नव्हती. शिक्षा म्हणजे फाशी, फटके, डाग, दंड किंवा हद्दपारी. तुरुंग होता तो खटला उभा राहीपर्यंत माणूस हाताशी राहावा म्हणून, नाहीतर कर्ज फिटेपर्यंत त्याला अडकवून ठेवण्यासाठी. लँकेस्टरला फिरते न्यायाधीश वर्षातून दोनदा येत, वसंतात आणि ऑगस्टमध्ये. न्यायाधीश नुकतेच गेले आणि तुम्ही पकडले गेलात, तर पुढचे पाच-सहा महिने कोठडीत. त्या अवधीत माणूस मेला तर खटल्याचा प्रश्नच मिटला.

याच जिल्ह्यातल्या पेंडल भागातल्या चेटकिणींचा १६१२चा खटला सगळ्यांना सांगितला जातो, तुम्हालाही सांगितला असेल. तो मी तुरुंगाच्या बाजूने सांगतो. २१ मार्चला ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने वाटेत भेटलेल्या जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नकार दिला आणि थोड्याच वेळात तो कोसळला. वर्णनावरून तो पक्षाघाताचा झटका दिसतो. आपणच शाप दिला असं त्या पोरीलाही वाटलं आणि तिने तसं कबूल केलं. एप्रिलच्या सुरुवातीला ॲलिझन, तिची आजी डेमडाइक आणि शेजारच्या दोघी लँकेस्टरला पोचल्या. मग त्यांचे नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे. डेमडाइक म्हातारी होती, डोळ्यांनी अंध झालेली. ऑगस्टपर्यंत ती टिकलीच नाही, खटल्याआधी कोठडीतच गेली. १८ आणि १९ ऑगस्टला खटले चालले. ॲलिझनची धाकटी बहीण जेनेट, वय नऊच्या आसपास, तिला टेबलावर उभं करून स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष द्यायला लावली. २० ऑगस्टला दहा जणांना गावाबाहेरच्या माळावर फाशी दिलं. चार महिने अंधारात काढलेल्या, वकील नसलेल्या, खंगलेल्या माणसांचा दोन दिवसांत निकाल लागला.

या कथेचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. १६३३-३४ मध्ये त्याच भागात पुन्हा चेटकाचा आरोप झाला. एडमंड रॉबिन्सन नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या साक्षीवर सतरा जण दोषी ठरले, आणि त्यांत जेनेट डिव्हाइस नावाची एक बाई होती. न्यायाधीशांना शंका आली, प्रकरण पहिल्या चार्ल्स राजाकडे गेलं, पोराने सगळं रचलेलं असल्याचं कबूल केलं आणि काही आरोपींना माफी मिळाली. तरीही ऑगस्ट १६३६च्या कैद्यांच्या यादीत त्या जेनेटचं नाव आहेच. कारण सुटका झाली म्हणून कुणी दार उघडत नसे. कोठडीतल्या मुक्कामाचा खर्च जेलरला चुकता करावा लागे. जेलरला पगार नव्हता किंवा नगण्य होता. त्याचं पोट कैद्यांकडून घेतलेल्या शुल्कावर चाले. आत आल्याबद्दल पैसे, बिछान्याबद्दल पैसे, बेड्या हलक्या करण्याबद्दल पैसे, बाहेर पडताना पुन्हा पैसे. ही जेनेट आणि टेबलावर उभी केलेली ती पोर एकच, असं सिद्ध करणारा कागद नाही. पण खोट्या साक्षीवर दोषी ठरलेली बाई दोन वर्षांनीही आतच होती, एवढं ती यादी स्पष्ट सांगते. मला विचाराल तर या तुरुंगांमधली सर्वांत क्रूर वस्तू कुठली सांडशी किंवा साखळी नव्हती, हे शुल्क होतं.

तुमचा दुसरा प्रश्न, अंधाऱ्या खोल्यांचा. इथे माझ्या कामाचा थेट संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्ल्याच्या तळातली खोली अंधारी असते कारण ती तळात असते. शत्रूच्या बाजूला खाली खिडकी ठेवायची नाही, भिंत जाड ठेवायची, एवढंच त्यामागचं कारण. थंड, कोरडी, बंद जागा धान्य, दारूची पिंपं आणि खारवलेलं मांस ठेवायला उत्तम. म्हणजे तळघर मुळात कोठार. ते कोठारच राहिलं की तिथे पुढे माणसं कोंडली, हे ठरवायला मी आधी दार बघतो. आपल्या कुठल्याही गडाच्या दरवाज्यामागे भिंतीत चौकोनी खोबण असते, अडसर सरकवायची. ही खोबण दाराच्या आतल्या बाजूला असेल, तर आतला माणूस स्वतःला सुरक्षित करत होता. खोबण, कडी किंवा कोयंडा बाहेरच्या बाजूला असेल, तर आतल्याला बाहेर पडू द्यायचं नव्हतं. कोठारालाही बाहेरून कुलूप लागतंच, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही. आत शौचकूप आहे का ते बघायचं. पिंपांना शौचकूप लागत नाही. भिंतीच्या जाडीत बसवलेली अरुंद मोरी आणि शेजारी उंचावर गज लावलेला झरोका, हे दोन्ही एकत्र दिसलं की तिथे माणूस मुक्कामाला होता असं धरायला हरकत नाही. शेकोटीची जागाही असेल तर तो चांगल्या घरचा कैदी किंवा पहारेकरी. मग भिंतींवरची कोरीव अक्षरं. ती उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आहेत की जमिनीवर बसलेल्याच्या, हे मोजून बघायचं. लंडनच्या टॉवरमधल्या बीचम (Beauchamp) बुरुजात अशी नावं, कुलचिन्हं आणि प्रार्थना दगडात इतक्या सफाईने कोरल्या आहेत की त्यांच्यामागचा रिकामा वेळ डोळ्यांना दिसतो.

छतातल्या एकाच भोकातून माणसाला खाली सोडून विसरून जायची जी विहिरीसारखी कोठडी अनेक किल्ल्यांत दाखवतात, तिच्याबद्दल मी फार सावध असतो. एकोणिसाव्या शतकात किल्ले बघायला हौशी लोकांची रीघ लागली आणि भयकथांना मागणी आली. फ्रान्सचे किल्ले दुरुस्त करणारे वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांनी त्याच काळात बजावलं होतं, की असे दाखवले जाणारे बहुतेक खड्डे म्हणजे शौचकूपांचे हौद आहेत. माझा अनुभवही तोच. खड्ड्याच्या वरच्या मजल्यांवर शौचाची जागा आहे का, ते बघा. असेल तर उत्तर मिळालं.

मग लँकेस्टरच्या विहीर-बुरुजातल्या तळघरांचं काय, जिथे पेंडलच्या बायकांना ठेवलं होतं असं सांगतात? त्या खोल्यांत कैदी होते हे मला पटतं. मोठा जिल्हा, न्यायाधीश येण्याआधी होणारी गर्दी आणि जागा मर्यादित, म्हणजे मिळेल ती खोली वापरली जाणार. किल्ला तुरुंग म्हणून बांधलेला नसल्याने तिथल्या तुरुंगाची सगळी दुर्दशा त्यातूनच आली. धूर जायला वाट नाही, सांडपाण्याला उतार नाही, आणि जिथून वारा यायला हवा तिथे दहा फूट जाडीची भिंत. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स १६६४च्या हिवाळ्यात इथल्याच एका बुरुजात होता. त्याने लिहून ठेवलंय, की खालच्या कैद्यांच्या शेकोट्यांचा धूर वर येऊन भिंतींवर दवासारखा साचायचा, कधीकधी जळती मेणबत्तीही दिसेनाशी व्हायची, आणि पाऊस थेट बिछान्यावर गळायचा. त्याचं अंग सुजलं, हातपाय आखडले. हा तळघरातला कैदी नव्हता, वरच्या बुरुजातला होता. म्हणजे अंधारकोठडी शोधायला खालीच जायला हवं असं नाही. त्याच काळात मार्गारेट फेल ही क्वेकर बाई इथे सुमारे चार वर्षं कैदेत होती, आणि बायकांनाही धर्मसभेत बोलण्याचा अधिकार आहे हे मांडणारी तिची पुस्तिका याच कैदेतली.

कोंदट जागेत गर्दी झाली की उवा होणार आणि उवांमागोमाग टायफस. इंग्लंडमध्ये त्याला तुरुंगाचा ताप म्हणत. १५७७च्या जुलैत ऑक्सफर्डच्या किल्ल्यात खटला चालला तेव्हा हा ताप आरोपीच्या पिंजऱ्यापुरता राहिला नाही. मुख्य न्यायाधीश, शेरीफ, पंच आणि गावकरी मिळून सुमारे तीनशे माणसं काही आठवड्यांत दगावली. तरीही सुधारणा व्हायला दोनशे वर्षं गेली. जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला. निर्दोष सुटलेली माणसं शुल्कापायी पुन्हा कोठडीत जाताना त्याने पाहिली आणि मग देशभरातले तुरुंग स्वतः फिरून तपासले. १७७४ मध्ये दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्याकडून शुल्क घ्यायला बंदी केली, दुसऱ्याने तुरुंगाला चुना लावणं, हवा खेळती ठेवणं आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या ठेवणं बंधनकारक केलं. हॉवर्डबद्दल मला अतोनात आदर आहे. त्याने शेरा मारण्याआधी खोली पाहिली, आणि शेवटी १७९० मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खेरसॉनला तापाचीच लागण होऊन गेला.

लँकेस्टरचं आजचं रूप या चळवळीतून आलं. १७८०च्या दशकाच्या अखेरीपासून टॉमस हॅरिसन या वास्तुविशारदाने तटाच्या आत नवा तुरुंग उभा केला. पुरुष, बायका आणि कर्जदार वेगवेगळे. त्याचबरोबर दोन नवी न्यायदालनं बांधली, आणि सगळ्याला बाहेरून मध्ययुगीन किल्ल्याचा साज ठेवला. तुम्ही पाहिलेला बराचसा 'किल्ला' जेमतेम सव्वादोनशे वर्षांचा आहे, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. माझा होत नाही. १८२१ला जोसेफ गँडीने बायकांसाठी बांधलेली अर्धवर्तुळाकार इमारत बघा. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या कल्पनेप्रमाणे मध्यभागी बसलेल्या एका पहारेकऱ्याला सगळ्या कोठड्या दिसाव्यात अशी तिची रचना आहे. तुरुंगवास हीच शिक्षा झाल्यावर लागणारी ही वास्तू. जुन्या बुरुजातून थेट तिथे चालत गेलात, तर कच्च्या कैद्यांचा तुरुंग आणि शिक्षेचा तुरुंग यांतला फरक पायांना कळतो.

कर्जदारांची तऱ्हा निराळी. पैसे असतील त्याला बरी खोली मिळे, बाहेरून जेवण आणि बिअर मागवता येई, धंदाही करता येई. एकोणिसाव्या शतकात हॅन्सब्रो नावाचे कॅप्टन इथे गव्हर्नर होते, तेव्हा कर्जदारांचा भाग 'हॅन्सब्रोचं हॉटेल' म्हणून ओळखला जाई. पैसे नसलेल्या कर्जदाराचे हाल मात्र चोरापेक्षा वाईट, कारण चोराच्या कैदेला मुदत होती. कर्जापायी कैद करण्याची पद्धत १८६९च्या कायद्याने जवळजवळ संपली.

फाशीचं प्रमाण तुम्ही विचारलं नाहीत, पण ते टाळून हा विषय पूर्ण होत नाही. १८३५पर्यंत अख्ख्या लँकेशर परगण्यासाठी हे एकच मोठं न्यायालय. मँचेस्टर, लिव्हरपूल, गिरण्यांनी फुगलेली गावं, सगळ्यांचे खटले इथे. १७८२ ते १८६५ या काळात इथे अडीचशेहून जास्त माणसं फासावर गेली, आणि त्यांतले बहुतेक खुनी नव्हते. घरफोडी, वाटमारी, जनावरांची चोरी, बनावट नोटा, यांनाही फाशी होती. १८००पर्यंत कैद्याला गाडीतून माळावर नेत. नंतर चर्चच्या अंगणासमोरच्या तटाच्या कोपऱ्यात मचाण उभं राहू लागलं. त्यामागच्या छोट्या खोलीत कैद्याचे हात बांधत आणि तिथूनच त्याला दारातून बाहेर काढत. अंगणात हजारोंची गर्दी जमे. न्यायदालनात आरोपीच्या पिंजऱ्यामागे एक लोखंडी पकड आजही आहे. डाग द्यायचा असेल त्याचा हात त्यात अडकवत आणि अंगठ्याच्या मुळाशी तापलेलं लोखंडी अक्षर टेकवत. पुन्हा पकडला गेला तर हात बघून कळावं, एवढाच हिशेब. ती पकड जवळून बघितलीत तर कळेल की ती माणसाच्या हाताच्या मापाची, छोटीशी आहे.

तिसरा प्रश्न, हे २०११पर्यंत कसं चाललं. सलग चाललं नाही. शेवटची फाशी १९१०ची, आणि १९१६मध्ये कैदी कमी झाल्याने तुरुंग बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कैद्यांची संख्या वाढली, जागा अपुरी पडली, तेव्हा १९५५ मध्ये सरकारने हाच किल्ला भाड्याने घेऊन पुन्हा उघडला. तट होता, कोठड्या होत्या, न्यायालय शेजारी होतं. नवा तुरुंग बांधण्यापेक्षा जुना वापरणं सोपं. पुढची छप्पन्न वर्षं हेच गणित टिकलं. जुन्या इमारतीचा खर्च परवडेनासा झाला तेव्हा २०११च्या मार्चमध्ये कैदी हलवले. नॉर्विचचा किल्ला १८८७लाच तुरुंग म्हणून संपला होता आणि आता संग्रहालय आहे. ऑक्सफर्डचा १९९६ला बंद झाला आणि तिथल्या कोठड्यांत आता हॉटेलच्या खोल्या आहेत. लँकेस्टरला न्यायालय राहिलं.

त्या न्यायालयाबद्दल आणखी एक नोंद. बर्मिंगहॅममधल्या १९७४च्या बॉम्बस्फोटांबद्दल सहा आयरिश माणसांवर खटला चालला तो इथे, १९७५च्या जून ते ऑगस्टमध्ये. पोलिसांनी मारहाण करून कबुली घेतली असं ते सांगत होते. पंचांनी (ज्युरीने) त्यांना दोषी ठरवलं, जन्मठेप झाली, आणि सोळा वर्षांनी १४ मार्च १९९१ला त्यांच्या शिक्षा रद्द होऊन ते सुटले. १६१२ आणि १९७५ या दोन्ही खटल्यांत कबुलीजबाबावर मोठा भर होता. पेंडलची गोष्ट ऐकून लोक 'तो काळच तसा होता' म्हणतात, तेव्हा मी त्यांना ही दुसरी तारीख सांगतो.

पुन्हा जाणार असाल तर जायच्या आधी त्या दिवशी न्यायालय भरतंय का ते विचारून घ्या. कामकाज चालू असेल तेव्हा न्यायदालनं पाहुण्यांना बंद असतात, आणि ती लोखंडी पकड, पिंजरा आणि त्यामागच्या कोठड्या पाहिल्याशिवाय लँकेस्टर अर्धवटच राहील. आत गेल्यावर प्रत्येक दाराचा अडसर कुठल्या बाजूला आहे ते बघत चला. आणि महादरवाज्यासमोर उभं राहून जंग्यांचे फोटो काढून झाले, की इमारतीला वळसा घालून चर्चच्या अंगणाच्या बाजूचा तो कोपराही शोधा.